एमएसचा पेशंट घरी : अ‍ॅटॅक कुठला आणि नुसता ताप कुठला?

उद्यमनगरी (१९ एप्रिल, रात्री ११.२०)

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे. मागच्या महिन्यात आमची चांगलीच फजिती झाली, म्हणून धागा काढतोय.

बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मणक्यातल्या नसांवरचं मायलिन नावाचं आवरण खराब करते. वय ३९, शाळेत गणित शिकवते. निदान २०१७ चं, पण सुरुवात त्याच्या वर्षभर आधीच झाली होती. उजवा डोळा फिरवला की दुखायचा. एक दिवस आरशासमोर उभी राहून म्हणाली, "हे कुंकू भेसळीचं दिलंय, फिकं दिसतंय." कुंकू नेहमीच्याच दुकानातलं होतं. डाव्या डोळ्याला लालभडक, उजव्याला विटकरी. चष्म्याचा नंबर बदलून झाला, डोळा महिन्याभरात आपोआप सुधारला आणि आम्ही विसरून गेलो. पुढच्या वर्षी पाय बधिर झाले, कापसावर चालल्यासारखं वाटायला लागलं, तेव्हा कुठं एमआरआय आणि पाठीतलं पाणी काढणं झालं. रक्तात अ‍ॅक्वापोरिनची तपासणीही केली. एनएमओ नावाचा असाच दिसणारा दुसरा आजार आहे आणि एमएसची काही औषधं त्यात उलटी पडतात, म्हणून. आता दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅबचं सलाईन, घरात काठी, बाहेर माझा दंड.

तर रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती पलंगावरून उठेचना. पायांचे ओंडके झालेले. आईनं अंबाबाईला गाऱ्हाणं घातलं, मी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला आणि गाडी सांगून ठेवली. आमच्या डोक्यात पक्कं, अ‍ॅटॅकच. म्हणजे आता तीन ते पाच दिवस रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव, रात्र रात्र टक्क जाग आणि वर साखर तपासत बसायचं.

डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "लघवीला वास येतोय का?" मी गप्प. तिला विचारलं तर म्हणाली, "तीन दिवस येतोय. त्यात काय सांगायचं?" थर्मामीटर लावला, १००.४. गाडी रद्द केली. गल्लीतल्याच लॅबमध्ये लघवी दिली, रुटीन आणि कल्चर दोन्ही. इन्फेक्शन निघालं. अँटिबायोटिकच्या चौथ्या दिवशी बाई काठी घेऊन गॅलरीत उभी. अंगात इन्फेक्शन असताना स्टिरॉइड चढवलं असतं तर ते आणखी उफाळलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

माझा मोटर रिवाइंडिंगचा धंदा. त्यामुळं हे मला माझ्या पद्धतीनं कळलं. वायंडिंगचं वार्निश गेलेली मोटर गार असते तोवर चालते, तापली की ट्रिप मारते. गार झाली की परत चालू. मोटर नव्यानं बिघडलेली नसते, जुनाच दोष उष्णतेनं वर येतो. नसांवरचं मायलिन गेलं की तसंच. पण इतकी वर्षं घरात हा आजार असून मला हे माहीत नव्हतं, याचं वाईट वाटलं.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी सांगा : तुम्ही रोज काय बघता? काय लिहून ठेवता? डॉक्टर सहा महिन्यांनी पंधरा मिनिटं बघतात, बाकी दिवस आपल्याच गळ्यात.

जुनी_सिस्टर (२० एप्रिल, सकाळी ६.०५)

तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. फोनवर लघवीचा वास विचारणारे डॉक्टर कमी.

मी तीस वर्षं वॉर्डात काढली, आता निवृत्त. आम्ही पाठ केलेलं असं : नवं लक्षण, किंवा जुनंच पण स्पष्ट वाढलेलं, सलग २४ तासांपेक्षा जास्त टिकलेलं, आणि ताप किंवा इन्फेक्शन नसताना आलेलं, तो खरा अ‍ॅटॅक. आधीच्या अ‍ॅटॅकनंतर महिनाभर तरी गेलेला असावा. तुमच्याकडे जे पाय आधीपासून कमजोर होते तेच पुन्हा बसले, म्हणजे संशय आधी इन्फेक्शनचा. पण म्हणून घरीच निकाल लावू नका. दिसायचं बंद झालं, कमरेखाली एकदम गेलं किंवा लघवी तुंबली, तर त्याच दिवशी फोन. आणि रिटुक्सिमॅबवर असलेल्या पेशंटचा ताप हा काढ्याचा ताप नव्हे. त्या औषधानं प्रतिकारशक्ती दबलेली असते. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी बघितली असेलच. जिवंत विषाणूची लस मात्र कुणी सुचवली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आता लघवी. वॉर्डात मी सगळ्यांत जास्त भांडले असेन तर पाण्यावरून. या पेशंटना एकदम घाई होते, पोचेपर्यंत थेंब जातो, लाज वाटते, म्हणून ते पाणी पिणंच सोडतात. शिक्षिका तर शाळा सुटेपर्यंत तोंडाला बाटली लावत नाहीत. लघवी गडद होते आणि इन्फेक्शनला आयतं आवताण. दुसरी भानगड अशी की लघवी करून आल्यावरही मूत्राशयाची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. मागं साठून राहतं तेच नासतं. सोनोग्राफीत "लघवीनंतर किती उरली" हे मुद्दाम लिहून मागा. शंभर मिलीच्या वर राहत असेल तर डॉक्टरांशी सीआयसीबद्दल बोला. म्हणजे दिवसातून ठरावीक वेळा स्वतःच बारीक नळी घालून पिशवी रिकामी करायची आणि नळी काढून टाकायची. कायमची नळी ठेवून बाहेर पिशवी लटकवण्यापेक्षा इन्फेक्शन कमी.

नाव ऐकून बायका रडतात. शिकवायला बसले की तिसऱ्या-चौथ्या वेळी स्वतः करतात. साबणानं हात धुवायचे, पाय फाकवून टेकून बसायचं, समोर छोटा उभा राहणारा आरसा, नळीच्या टोकाला जेली, आणि धार मापाच्या भांड्यात. जे निघेल ते वहीत. एका वेळी चारशे-पाचशेच्या वर जात असेल तर वेळा वाढवायच्या. हात थरथरत असतील किंवा नजर अधू असेल तर घरच्यांनी शिकायचं.

आणि एक. संवेदना कमी असल्यामुळं जळजळ होईलच असं नाही. वास, गढूळपणा, पाय अचानक जास्त आखडणं आणि "आज कसंतरी होतंय" एवढंच दिसतं. वहीत हेच लिहा.

नाद_खुळा_७७ (२० एप्रिल, सकाळी ९.४०)

भावा, वहिनींना लवकर आराम पडूदे. आमच्या मेव्हण्याचा पाय असाच जड झालेला. पन्हाळ्याच्या वाटेवर एक वैद्य आहेत, तेल लावून वाफेच्या पेटीत बसवतात. २१ दिवसांत पळायला लागला बघ. एकदा दाखवून बघायला काय जातंय?

बावड्याची_पोर (२० एप्रिल, दुपारी १.१५)

नादखुळा दादा, जातंय की. माझा एक अख्खा तास गेला.

मी २९ वर्षांची, एमएसला चार वर्षं झाली. पहिल्याच वर्षी मावशीच्या आग्रहाखातर अशाच पेटीत बसले होते. दहाव्या मिनिटाला बाहेर काढलं तेव्हा दोन्ही पाय लुळे आणि समोरचं सगळं धुरकट. मावशी देवाचा धावा करत होती आणि मला हसू येत होतं, कारण डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. अंगमेहनतीनं नजर अशी धुरकट होते हे उटहॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८९० मध्येच लिहून ठेवलंय, खरं कारण उष्णता हे नंतर कळलं. पूर्वी निदानासाठी पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवायचे म्हणे! पंख्याखाली गार पाणी पीत पडले, तासाभरात उठले. नुकसान कायमचं नसतं, पण त्या वेळी पडलो तर हाड कायमचं मोडतं. तुमच्या मेव्हण्याला एमएस होता का? वात आणि हे एक नव्हे.

तेलाच्या हलक्या मालिशला माझी हरकत नाही. वाफ, शेक, कडकडीत पाण्याची आंघोळ नको. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून कोमट पाण्यानं आंघोळ करते. एप्रिल-मे मध्ये बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत, गळ्याभोवती ओला पंचा, पिशवीत बर्फ घातलेलं कोकम. ताराराणी चौकातल्या सिग्नलला हेल्मेटमध्ये डोकं तापलं की नजर जाते, म्हणून दुपारची गाडी बंदच केली.

उद्यमनगरी दादा, एक सांगू? रागवू नका. धाग्यात सगळीकडे "सांभाळणं" आहे. वहिनींना तीन दिवस वास येत होता आणि त्या बोलल्या नाहीत, ही खरी बातमी. का बोलल्या नाहीत ते विचारलंत का? मी सांगते. काही बोललं की घरात पळापळ होते, गाडी सांगितली जाते, सासू देवाला सांगते. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं. वही तुम्ही लिहू नका, त्यांना लिहू द्या.

थकव्याबद्दलही तेच. हा थकवा झोपून जात नाही. सकाळी दात घासले की संपले, असे दिवस असतात. बाहेरून मी धडधाकट दिसते, त्यामुळं लग्नकार्यात "पोरगी कामचुकार" असं ऐकून घेतलंय. आता दिवसाला तीनच कामं ठरवते. चौथं आलं तर उद्या.

उद्यमनगरी (२० एप्रिल, रात्री १०.०५)

ताई, रागवायचं काय, बरोबर लागलं. आजच विचारलं. ती म्हणाली, "तू गाडी सांगशील म्हणून."

सिस्टर, सोनोग्राफीचं बोलून घेतो.

गडहिंग्लजकर (२१ एप्रिल, सकाळी ७.३०)

आमची आई, वय ६४. तिचा प्रकार हळूहळू वाढत जाणारा, अ‍ॅटॅक असे नाहीतच. सहा वर्षं अंथरुणाला आहे. त्यामुळं माझा अनुभव पुढच्या इयत्तेचा समजा. घाबरू नका, सगळेच या इयत्तेत येत नाहीत.

पाठीच्या जखमेबद्दल लिहितो, कारण तिथं आम्ही मार खाल्लाय. तीन वर्षांपूर्वी ब्युरोकडून एक मावशी ठेवल्या. मन लावून काम करायच्या. माकडहाडावर लाल डाग दिसला, तर त्यांनी स्पिरिट लावून खसाखसा चोळलं, वर पावडर, आणि खाली रबरी चकती. त्यांना तसंच शिकवलेलं. आठवड्यात कातडी फाटली, महिन्यात खड्डा. भरायला पाच महिने गेले. रोज ड्रेसिंग, आणि त्या वासाचं काय सांगू. खरं कारण वरून दिसतच नव्हतं. मांस आतनं आधीच मेलेलं असतं आणि चोळल्यानं ते आणखी सुटतं.

मग जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरनी शिकवलं ते असं. लाल दिसलं की बोटानं दाबायचं. बोट उचलल्यावर जागा पांढरी पडून परत लाल झाली तर अजून वेळ हातात आहे. पांढरी पडलीच नाही तर जखम सुरू झाली. त्या जागेवर आता भार शून्य. चोळायचं नाही, चकती नाही, कारण तिच्या कडेनं रक्त अडतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पण सरळ कुशीवर नाही. पाठीमागं उशी लावून अर्धवट कलती, नाहीतर खुब्याचं हाड रुततं. पोटऱ्यांखाली उशी द्यायची म्हणजे टाचा अधांतरी राहतात. आईला वर सरकवताना ओढायचं नाही, दोघांनी खालची चादर धरून उचलायचं. हवेचा पट्ट्यापट्ट्यांचा बेड घेतलाय, त्याची मोटर रात्रभर गुर्रगुर्र करते. बेड आहे म्हणून कूस बदलणं चुकत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. आम्ही पहिले दोन महिने तीच चूक केली.

खुर्चीत बसणाऱ्यांनाही हेच. अर्ध्या तासाच्या आत ढुंगण उचलायचं किंवा पुढं वाकायचं.

गिळण्याचं थोडक्यात. आईला पाणी पिताना ठसका लागतो, चहाला तर हमखास. पातळ पदार्थ घशात पळतो, तिला आवरायला वेळ मिळत नाही. स्पीच थेरपिस्टनी बघून दाटसर सांगितलं. तेव्हापासून नाचणीची आंबील, दाट ताक, मऊ भात. पूर्ण बसवून, हनुवटी छातीकडं, छोटा चमचा, आणि जेवल्यावर अर्धा तास तसंच बसवून. टीव्ही बंद. जेवताना आवाज घोगरा, ओला आला तर थांबतो. दोनदा न्युमोनिया झाल्यावर शहाणपण आलं.

पायवाट (२१ एप्रिल, दुपारी ४.५०)

मी फिजिओ, राजारामपुरीत काम करते. गडहिंग्लजकरांच्या प्रत्येक वाक्याला +१.

पाय आखडण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालते. ताठरपणा अचानक वाढला की लोक बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारी गोळी) वाढवा म्हणून डॉक्टरांच्या मागं लागतात. आधी कारण शोधा. लघवी, मलावरोध, कुठंतरी फोड, घट्ट बूट. माझ्या एका पेशंटचा पाय रात्री गुडघ्यात दुमडून पोटाशी जायचा. मोजे काढले तर अंगठ्याचं नख मांसात रुतून पू झालेला. त्याला दुखत नव्हतं, पण पायाला कळत होतं. नख काढलं, आठवड्यात पाय खाली.

ताठरपणा सगळाच वाईट नसतो हेही सांगते. मांडी कमजोर असलेला पेशंट त्या ताठ पायावरच उभा राहतो. गोळी जास्त झाली की पाय मेणाचा होतो आणि तो खाली बसतो. म्हणून डोस हळूहळू वर, हळूहळू खाली. बॅक्लोफेन एकदम बंद करायचं नाही. भास होतात, झटके येऊ शकतात. दिवाळीत मेडिकल बंद म्हणून चार दिवस गॅप, हा प्रकार नको. आठवड्याची गोळी जास्तीची घरात पाहिजेच.

व्यायाम सकाळी, पंखा चालू, दमायच्या आत थांबा. "थोडं अजून, थोडं अजून" हे तालमीत ठीक.

उद्यमनगरी (२१ एप्रिल, रात्री ९.३०)

साठ्यावरून आठवलं. २०१९ च्या ऑगस्टचा महापूर. तेव्हा तिला एमएससाठी ग्लाटिरामर नावाच्या औषधाची इंजेक्शनं चालू होती, फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला ठेवायची. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं, लाइट गेली, शिरोलीजवळ हायवे बंद, पुण्याहून काही येणार नाही. माझा जीव त्या खोक्यात. कमरेएवढ्या पाण्यातनं डोक्यावर धरून मित्राकडं नेलं, त्याच्याकडं जनरेटर होता. त्याच्या आईनं काळजीपोटी खोकं वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. "चांगलं गार राहील, बाळा."

दुसऱ्या दिवशी सगळ्या सिरिंज गोठलेल्या. गोठलेलं इंजेक्शन वापरायचं नसतं, सगळी फेकली. आणि मग डब्यातलं पत्रक पहिल्यांदा वाचलं. ते औषध साध्या खोलीच्या तापमानाला, ३० डिग्रीच्या आत, महिनाभर चालतं! घरातच कपाटात ठेवलं असतं तरी भागलं असतं. माउलीला मी हे कधीच सांगितलं नाही. तुमचं इंजेक्शन वेगळं असेल तर त्याचा नियमही वेगळा, पत्रक पूर यायच्या आधी वाचा.

कागदी_घोडा (२२ एप्रिल, सकाळी ११.००)

कागदांचं मी सांगतो, भावाचं सगळं मीच केलंय.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. त्यामुळं "हा आजार यादीत नाही" असं कुणी म्हणालं तर कायद्याची प्रत पुढं करा. मला एका खिडकीवर असंच ऐकवलेलं, वर "हे चालतायत की!" हेही. भाऊ सकाळी चालतो, दुपारी चालत नाही, हे तीन मिनिटांत कुणाला पटवणार? म्हणून जाताना एमआरआयचे रिपोर्ट, सगळे डिस्चार्ज कार्ड, आणि किती मीटर चालल्यावर आधार लागतो, लघवीचा त्रास, नजर, हे लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र न्यायचं. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवर, तपासणी सरकारी दवाखान्यात. आपल्याकडं बहुतेकांना कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय सोयीचं. ४० टक्क्यांच्या पुढं बऱ्याच सवलती सुरू होतात.

गंभीर आजारांचा विमा काढलेला असेल तर पॉलिसी उघडून बघा. त्यात एमएस सहसा असतो, पण त्रास सलग सहा महिने टिकल्याची अट असते. पहिल्या दिवसापासूनचे कागद जपा. आणि मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून मुंबईत आहे, पुण्यातही शाखा आहे. ३० मे हा जागतिक एमएस दिवस, त्या सुमारास कार्यक्रम असतात.

नाद_खुळा_७७ (२२ एप्रिल, दुपारी १२.२०)

बावड्याची ताई, मेव्हण्याला विचारलं. त्याची कमरेची शीर दबलेली होती, एमएस नव्हता. माझा सल्ला मागं घेतो. स्टेम सेलनं हा मुळासकट जातो असं व्हॉट्सॅपवर आलंय, ते तरी खरं का?

जुनी_सिस्टर (२२ एप्रिल, दुपारी ३.१०)

मागं घेतलात, लई भारी. अशी माणसं धाग्यावर दुर्मिळ.

स्टेम सेलचे दोन प्रकार लोक एकात एक घालतात. आधी केमो देऊन प्रतिकारशक्ती पुसायची आणि स्वतःच्याच पेशींनी ती परत उभी करायची, हे मोठ्या ट्रान्सप्लांट सेंटरमध्ये, औषधांना न जुमानणाऱ्या मोजक्या पेशंटसाठी होतं. जोखीम खरी असते आणि मुळासकट जाण्याचं वचन तिथं कुणी देत नाही. दुसरा प्रकार म्हणजे पाठीत इंजेक्शन मारून लाखांत बिल. व्हॉट्सॅपवर येतो तो हा.

उद्यमनगरी, सोनोग्राफी झाली का? किती उरली?

उद्यमनगरी (२४ एप्रिल, रात्री ८.४५)

झाली. १६० मिली. डॉक्टर म्हणाले, सीआयसी शिकून घ्या. ती दोन तास बोलली नाही. मग म्हणाली, "शिकवणार बाई असेल तर बसते. आणि तू बाहेर थांबायचं." वही तिनं कालपासून सुरू केली. मला दाखवत नाही. तापमान, लघवी, पाय असे तीन रकाने आखलेत, एवढं लांबून दिसलं.

जुनी_सिस्टर (२४ एप्रिल, रात्री ९.१०)

बरोबर बोलली. रविवारी अकराला घेऊन या, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. नळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नंबरच्याच आणा, जेली माझ्याकडं आहे. आरसा मात्र तुमचा तुम्ही आणा. छोटा, मागं टेकू असलेला. महाद्वार रोडला मिळेल.